नळावरचं छप्पर

उन्हाळा लागला तसं छावणीतलं पाणी शाळेच्या वेळेला येऊ लागलं. आधी ते पहाटे यायचं. बायका अंधारातच भांडून घ्यायच्या आणि उजाडायच्या आत सगळं आटपायचं. पण टाकी भरणारा टँकर आता लांबून येत होता, त्याचा ड्रायव्हर चहा पिऊन निघत होता, आणि इकडे शाळेची घंटा झाली की तिकडे नळाला पहिली खरखर सुटत होती. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. ठरवून केलं असतं तर इतकं नेमकं जमलं नसतं.

नळकोंडाळं छावणीच्या मधोमध होतं. सिमेंटचा ओटा आणि त्यावर चार तोट्या, त्यातली एक नुसतीच शोभेची. रांग माणसांची नसे, कॅनची असे. पिवळे, निळे, पांढरे कॅन एकामागे एक उभे राहत. पण कॅनजवळ घरचं माणूस हवं, असा तिथला कायदा होता. पुढचा कॅन भरून निघाला की सगळ्यांनी आपापला कॅन पाऊलभर पुढं घ्यायचा. ज्याचा सरकला नाही, त्याचा कॅन आत्या उचलायची आणि शेवटाला नेऊन ठेवायची. आत्या कुणाची आत्या होती ते कुणाला माहीत नव्हतं. नळावर ती सगळ्यांची होती.

पुरुष नळावर जात नसत. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण त्यांना ते पाठ होतं. आत्यासारख्या काहीजणी सोडल्या तर बायका सकाळीच छावणीबाहेरच्या वखारीत कांदे निवडायला जात. राहिल्या पोरी.

छपरवाल्याची थोरली ही त्यातलीच एक. काटकुळी, आईच्या खांद्याला लागलेली. कडेवर धाकटी, पायाशी निळा कॅन, कॅनच्या मुठीला ओळखीसाठी लाल चिंधी. धाकटी अजून चालत नव्हती, आणि तिला तशी घाईही नव्हती. हक्काचं वाहन होतं. थोरली ओट्याखालच्या ओल्या मातीत काडीनं गणितं मांडायची. तेवढ्यात रांग सरकायची आणि मागून ओरडा यायचा, "ए पोरी, कॅन पुढं!" ती कॅन पुढं घ्यायची, आणि मागची बाई गणितावर पाय देऊन उभी राहायची.

तिचा बाप पलीकडे, म्हणजे जिथून ही सगळी माणसं एका रात्रीत उठून आली तिथे, गवताच्या पेंढ्या शिवून छपरं शाकारायचा. त्यानं शाकारलेलं छप्पर गळलं असं कुणी ऐकलं नव्हतं. घर सोडताना ज्यानं त्यानं हाताला लागेल ते उचललं. यानं कोयता आणि हातभर लांबीचं दाभण उचललं. तवा चुलीवरच राहिला. छावणीत येऊन बघतो तर घरं ताडपत्रीची, छावणीच्या ऑफिसातून मिळालेली. शाकारण्यासारखं काही नाहीच. त्यावर बायको कधी भांडली नाही. अधूनमधून शांतपणे विचारायची एवढंच, "दाभणावर काय भाजू?"

काम नसल्यामुळे छपरवाला सकाळपासून न्हाव्याच्या झाडाखाली बसे. न्हाव्याकडे एक खुर्ची होती आणि एक आरसा होता, म्हणून ते दुकान. पलीकडे परत कधी जायचं, यावर तिथे रोज चर्चा होई. पलीकडे पन्नास माणसांवर हुकूम चालवलेला एक मुकादम होता, तो समारोप करी. त्याचा समारोप ठरलेला असे : अजून थोडं थांबावं.

एका संध्याकाळी शाळेच्या बाई ताडपत्रीच्या दाराशी आल्या. बाईही पलीकडच्याच. तंबूतली शाळा त्या एकट्या चालवत.

"शहरातली मोठी शाळा आपल्या मुली घेणार आहे," त्या म्हणाल्या. "गाडी येईल न्यायला. पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे. तुमच्या थोरलीचं नाव मी घातलंय. पण तिचे अपूर्णांक राहिलेत, भाऊ. रोज तंबूत यायला हवी. नाहीतर परीक्षेत काय लिहील? आणि ही गाडी चुकली तर पुन्हा कधी, ते मला तरी माहीत नाही."

"येईल की," छपरवाला म्हणाला.

"कधी? नळ सकाळी, शाळा सकाळी."

"बघू काहीतरी."

छपरवाल्याचं "बघू" घरात सगळ्यांना ओळखीचं होतं. थोरलीनं चुलीत काटकी सारली आणि धुराकडे बघत राहिली. बायको कांद्यानं लाल झालेले डोळे पुसत म्हणाली, "बसा बाई, चहा घ्या. ह्यांचं बघणं लांबेल."

तेवढ्यात ऑफिसलाही काळजी लागली. तंबूत मुलगे दिसतात, मुली दिसत नाहीत. कारण शोधायला शहरातून साहेब आले. सोबत त्यांनी मुलींसाठी दप्तरं आणली होती, गुलाबी, चेनची. सभा ठेवली शाळेच्या तंबूत, सकाळी. विषय : मुली शाळेत का येत नाहीत. सभेला झाडून सगळे पुरुष हजर होते. बायका वखारीत होत्या, मुली नळावर. नळ तंबूपासून हाकेच्या अंतरावर होता आणि तिथला कलकलाट फार. साहेबांना नीट ऐकू यावं म्हणून त्या बाजूचा पडदा पाडून घ्यावा लागला.

"मोकळेपणानं बोला," साहेब म्हणाले.

न्हावी म्हणाला, वाट खराब आहे. कुणी म्हणालं, मुली लाजतात. मुकादम म्हणाला की हा प्रश्न खोल आहे आणि त्यावर अजून थोडं थांबावं. मग साहेबांनी बोटानं छपरवाल्याला उठवलं. "तुमची आहे का मुलगी?"

छपरवाला उठला. खरं उत्तर त्याच्या जिभेवर होतं. पण ते बोललं की पुढचा प्रश्न काय येणार, तेही त्याला दिसलं : मग पाणी तुम्ही का भरत नाही? आणि आजूबाजूला तर सगळी न्हाव्याच्या झाडाखालची माणसं. त्यानं सदरा खाली ओढला.

"आमच्या पोरींना शाळेची आवड नाही, साहेब."

साहेबांनी मान हलवली. मुली शाळेत का येत नाहीत ते त्यांना कळलं होतं. पडद्यापलीकडे "ए पोरी, कॅन पुढं!" असा ओरडा झाला आणि लगेच आणखी मोठ्यानं पुन्हा झाला. पुढं कुणीतरी सरकायला उशीर केला असावा.

संध्याकाळी थोरलीनं बापाला पाणी दिलं आणि तिथेच उभी राहिली. पाठीवर नवं दप्तर होतं. त्यात आईनं वखारीतून आणलेले डागी कांदे होते, कारण घरात चेन असलेली तेवढीच एक वस्तू होती.

"बाबा, आवड नाही म्हणजे कशी नाही?"

छपरवाला पाणी पुरवून पुरवून प्यायला. "ऐकलंस होय?"

"पडदाच तर होता."

"सभेत काहीतरी बोलावं लागतं."

"मग नळाचं बोलायचं."

"यांना नळ कुठे आहे ते माहीत असतं तर बोलले असते," बायको आतून म्हणाली.

पोरगी रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. रडण्यावर ओरडता येतं. तिनं रिकामा पेला घेतला आणि कांदे निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी ती कॅन उचलणार इतक्यात छपरवाला म्हणाला, "तो राहू दे. मी त्या बाजूला चाललोच आहे."

"कुठल्या बाजूला?"

"नळाच्या."

"कशाला?"

हे त्यानं ठरवलेलं नव्हतं. त्यानं वर बघितलं, उन्हाकडे. "तिथे सावली नाही. म्हटलं, छप्पर घालावं."

थोरलीनं आईकडे बघितलं. आई चपला शोधत होती, पण आज तिला त्या पायातच असूनही सापडेनात.

"आणि धाकटी?"

"तिलाही सावली लागतेच की. तू जा."

थोरली गेली. आधी चालत, वळणापर्यंत. मग पळत.

छपरवाला नळावर पोचला तेव्हा त्याच्या एका हातात कॅन, कडेवर पोर, खांद्यावर कोयता आणि कमरेला दाभण होतं. बोलणं थांबलं. नळकोंडाळ्यावर असं फक्त पाणी गेल्यावर होतं.

"काय दाजी, वाट चुकलात?" आत्या म्हणाली.

"छप्पर घालायचंय."

"कुणी सांगितलं?"

"ऊन आहे."

"ऊन काय आज पहिल्यांदा आलंय?"

बायका पदराआड हसल्या, काही पदराशिवाय हसल्या. त्यानं कॅन रांगेत ठेवला, धाकटीला ओट्याच्या कडेला बसवलं आणि खांबाची जागा पावलांनी मोजू लागला. ओढ्याकाठून त्यानं वासे आणले. खड्डा खणला, वासा उभा केला, एक डोळा मिटून ओळंबा पाहिला. कित्येक महिन्यांनी हातांना ओळखीचं काही मिळालं होतं. तो इतका रमला की "कॅन पुढं!" हा ओरडा आपल्यासाठी आहे हे त्याला कळलंच नाही. तो ओरडा त्याला आजवर कधी कुणी केलाच नव्हता.

वळून बघितलं तर लाल चिंधी रांगेच्या शेवटाला.

"अहो, मी इथेच तर होतो!"

"तुम्ही होता, दाजी. कॅन एकटाच होता." आत्यानं हात झटकले. "कायदा सगळ्यांना एक."

त्याचा नंबर आला आणि तोटीनं उचकी दिली. पाणी गेलं. कडेवर पोर आणि हातात हलका कॅन घेऊन तो घरी निघाला. हलका कॅन हातात फार जड लागतो हे त्याला त्या दिवशी समजलं. न्हाव्याच्या झाडावरून जाताना त्यानं कॅन धाकटीच्या फ्रॉकमागे लपवायचा प्रयत्न केला. धाकटी लहान होती, कॅन मोठा.

दुपारी थोरली उड्या मारत आली. "बाबा, खाली आकडा असतो ना, तो सारखा करून घ्यायचा! मग वरची बेरीज..." आणि तिला कॅन दिसला. तिनं बोलणं पुरं केलं नाही. शेजारून तांब्याभर पाणी उसनं आणलं आणि संध्याकाळी सगळ्यांनी एकेक घोट राखून घेतला.

सकाळी कॅन तिच्या हातात होता. धाकटी कडेवर. चेहरा रोजचा.

"दे इकडं," छपरवाला म्हणाला.

"राहू दे, बाबा. छप्पर तुम्ही घाला. कॅन मी बघते."

"दे म्हणतो ना."

तिनं मूठ सोडली नाही, त्यानंही सोडली नाही. बापलेक कॅनची मूठ धरून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग बायको चपला घालता घालता म्हणाली, "थोरले, दे. एका दिवसात माणूस कुठे रांगेला लागतो? तू पण पहिल्यांदा रडत आली होतीस." थोरलीनं मूठ सोडली.

त्या दिवशी छपरवाल्यानं शाकारायची दोरी कॅनच्या मुठीला बांधली, दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला, आणि वर आडव्या वाशावर जाऊन बसला. खाली रांग सरकली की तो वरून पाय ओढायचा, कॅन घसटत पाऊलभर पुढं यायचा. हात लव्हाळ्याच्या पेंढ्या रचत राहिले. धाकटी खाली बसून या कॅनकडे मोठ्या आदरानं बघत होती.

"बघा बघा," आत्या म्हणाली, "दाजींनी कॅन पाळलाय!"

बायका अशा हसल्या की एकीचा कॅन सरकायचा राहिला. आत्यानं तो उचलून शेवटाला नेला. पण छपरवाल्याचा कॅन त्या दिवशी भरला.

मग शेजारची पोरगी आली. "काका, आमचा पण ओढाल? मला पण तंबूत जायचंय." तिच्या मागे आणखी एक. छपरवाल्याला दोन पाय होते आणि दोऱ्या भरपूर. दोन दिवसांत वरून इतक्या दोऱ्या सुटल्या की खालून तो कोळ्यासारखा दिसू लागला.

"कॅनजवळ घरचं माणूस पाहिजे असा कायदा आहे ना?" रांगेतली एक नेटकी बाई कुरकुरली.

आत्यानं विचार केला. "काका म्हणतात ना पोरी त्याला? मग घरचाच झाला." आणि तिनं तोटीकडे पाठ करून तो विषय बंद केला.

इकडे न्हाव्याच्या झाडाची पानं उन्हानं गळत आली होती. चर्चा तशीच होती, सावली नव्हती. एका सकाळी मुकादम, मागोमाग आणखी दोघं आणि शेवटी खुर्ची उचलून खुद्द न्हावी, असे सगळे अर्धवट छपराखाली येऊन बसले.

"आम्ही पाण्याला आलेलो नाही," मुकादमानं जाहीर केलं. "सावलीला आलोय."

"या की, भाऊजी," आत्या म्हणाली. "पण सावलीत बसणाऱ्याला शेजारचा कॅन सरकवावा लागतो. कायदा आहे."

असा कायदा कालपर्यंत नव्हता. पण आत्याशी वाद घालून उन्हात परत जाण्याइतका मुद्दा कुणालाच महत्त्वाचा वाटला नाही. मुकादम परतीच्या विषयावर बोलत राहिला आणि बोलता बोलता पायानं एक पिवळा कॅन पुढं ढकलत राहिला. न्हाव्यानं एका गालाला साबण लावला, कॅन सरकवला, दुसऱ्या गालाला लावला. काम कुणी करत नव्हतं. नुसते बसले होते, रोजच्यासारखे.

छपरवाल्याची अडचण वेगळीच होती. छप्पर संपत आलं होतं. एवढ्या कामाला एरवी त्याला दुपार पुरली असती, आणि त्यानं ते कसंबसं आठवडाभर ताणलं होतं. परीक्षेच्या दिवशी सकाळी वर चढला तर शिवायला काही उरलं नव्हतं. शेवटची ओळ काल संध्याकाळीच बसली होती. खाली न्हावी वर बघत होता.

छपरवाल्यानं दाभण काढलं आणि शेवटची ओळ उसवायला घेतली.

उसवली, पेंढ्या पुन्हा नीट केल्या, पुन्हा शिवली. मग तिच्या आधीची उसवली. तंबूच्या बाजूला शांत होतं. आत पोरी खाली माना घालून लिहीत असणार. पडदा वर केलेला होता, पण त्यानं तिकडे बघितलं नाही. दाभण मात्र दोनदा अंगठ्यात गेलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

आत्या ओट्यावरून हे सगळं बघत होती. तिनं आवाज खाली आणला, जे तिला क्वचितच जमायचं.

"दाजी, हे छप्पर आमच्या जन्मात पुरं होऊ देऊ नका."

"शेवटाला जरा ढिलं वाटलं," तो म्हणाला.

"असणारच," आत्या म्हणाली. "ढिलंच असणार."

पुढं थोड्या दिवसांनी साहेब पुन्हा आले, दप्तरांचा उपयोग होतोय का ते बघायला. नळावर सावली, सावलीत पुरुष, पुरुषांच्या पायाशी कॅन असा देखावा बघून ते थांबले. त्यांनी चौकशी केली. मुकादमानं सांगितलं की आम्ही फक्त बसलोय. साहेबांनी मान हलवली. छावणीतल्या पुरुषांना पाण्याची आवड आहे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

त्याच संध्याकाळी बाई आल्या. या वेळी दाराशी थांबल्या नाहीत, सरळ आत आल्या. "गाडी सोमवारपासून," त्या म्हणाल्या. "फाटकातून निघेल, नळावरून जाईल." बायकोनं दप्तर घेतलं, कांदे जमिनीवर ओतले आणि दप्तर आतून बाहेरून पुसायला लागली. पुसून पुसून रंग जाईल असं थोरली म्हणाली, तरी पुसत राहिली. वास काही गेला नाही.

"राहू दे, आई," थोरली म्हणाली. "म्हणजे कुणी माझं दप्तर चोरणार नाही."

सोमवारी छपरवाला उठला, कॅन घेतला, धाकटीला कडेवर घेतलं. कोयता आणि दाभण खुंटीला होतं. त्यानं हात वर नेला. छप्पर पुरं झालं होतं. आता दोनदा उसवून शिवलेलं ते छप्पर इतकं घट्ट झालं होतं की त्यात दाभण शिरलंच नसतं. त्यानं हात खाली घेतला.

नळावर न्हाव्यानं त्याला रिकाम्या हातांनी येताना बघितलं. सगळे बघत होते. छपराखाली गर्दी होती, मुकादम बोलायचा थांबला होता.

"काय रे," न्हाव्यानं विचारलं, "आज काय काम?"

छपरवाल्यानं कॅन रांगेत ठेवला. धाकटीला त्यावर बसवलं. सदरा खाली ओढला.

"पाणी भरायचंय," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. मुकादमानं घसा खाकरला आणि परतीचा विषय जिथे सोडला होता तिथून उचलला. न्हाव्यानं वस्तरा पाजळायला घेतला.

तेवढ्यात गाडी आली. जुनी, निळी, पोरींनी ठासून भरलेली. तोटीपाशी कुणाचा तरी कॅन भरला आणि रांग सरकली, पण छपरवाला गाडीकडे बघत होता. गाडीत खिडकीला थोरली होती, मांडीवर गुलाबी दप्तर. तिनं बापाला बघितलं, मग रांगेला बघितलं. आत्याचा हात लाल चिंधीपर्यंत पोचला होता.

थोरलीनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि नळावर इतके दिवस रोज सकाळी जो ओरडा ऐकला होता, तोच सगळा घसा लावून ओरडली,

"बाबा, कॅन पुढं!"

त्यानं धाकटीसकट कॅन उचलला आणि पुढं घेतला.